टेकाडावर कोणी नाही

“टेकाडाची पट्टी बुडाली वाटतं,” टोणपे सर सायकल भिंतीला टेकवत म्हणाले.

मी तिकीटखिडकीत बसले होते. म्हटलं, सकाळी नऊपर्यंत उघडी होती, आता तिच्यावर गुडघाभर पाणी असेल आणि खाली नुसता गाळ. आज जायचं असलं तर बोटीनंच जावं लागेल, आणि बोटी बंद आहेत. मी खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘पाण्याची पातळी वाढत असल्याने नौकाविहार बंद’. अक्षर अण्णांचं होतं.

सरांनी पाटी वाचली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचली. मग हसले.

घोटवणे धरण पूर अडवण्यासाठी बांधलं होतं. खाली चाळीस किलोमीटरवर शहर आहे, तिथे तीन ओढे नदीला मिळतात, आणि पावसाळ्यात ते एकदम आले की नदी पेठेत शिरायची. म्हणून जुलैत आमचा तलाव भरू देत नसत, मुद्दाम रिकामा ठेवत. शहराला धोका झाला की दरवाजे बंद करून वरचं सगळं पाणी तलावात कोंडून धरायचं. एरवी लोकांना या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी घोटवणे म्हणजे बाग, कणसं, पायडलच्या बोटी आणि रविवार. माझे वडील, केशव भिलारे, दरवाज्यांवर ऑपरेटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी बारावी होऊन घरी होते, म्हणून दोन वर्षं नौकाविहाराची खिडकी सांभाळत होते. त्या जुलैत मी वीस वर्षांची होते.

टोणपे सर तालुक्याच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवली होती. दर रविवारी ते गळ घेऊन यायचे आणि म्हसोबाच्या टेकाडावर जाऊन बसायचे. तलावात पाणी कमी असलं की ते टेकाड काठाला एका चिंचोळ्या पट्टीनं जोडलेलं असे, पाणी चढलं की त्याचं बेट व्हायचं, आणि तलाव पुरा भरला की ते दिसायचंच नाही. वर झाड नाही, झुडूप नाही, फक्त गवत आणि शेंदूर फासलेला एक दगड. सरांच्या घरी मासळी चालत नव्हती. सापडलेला मासा ते आमच्या दारात देऊन जायचे.

त्यांचं म्हणणं असं, की नवं पाणी आलं की मरळ मासळी काठाला लागते, असा दिवस वर्षातून दोनदाच मिळतो. मारुती नावाड्याला अण्णांनी सकाळीच घरी पाठवलंय, हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला वल्हवता येतं की. मला सोड आणि चार वाजता ने. पाच मिनिटांचं तर अंतर.”

दहावीनंतर अण्णा मला शाळेतून काढणार होते. तेव्हा सर सलग तीन संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले होते. अण्णांशी ते वाद घालत नसत, चहा घेऊन नुसते बसायचे. चौथ्या दिवशी अण्णांनी मला कॉलेजचा फॉर्म आणून दिला. त्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कळलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी खिडकीत बसून कंटाळाही आला होता. पाऊस नव्हता, वारा नव्हता. डोंगराकडे काळं दिसत होतं, पण ते जुलैत रोजच दिसतं.

मी म्हटलं, लाइफ जॅकेट घ्या. ते म्हणाले, राहू दे. मीही आग्रह केला नाही. खुंटीवर बारा जॅकेटं असायची, एक कमी दिसलं असतं तर मारुतीनं अण्णांना सांगितलं असतं. हा विचार माझ्या डोक्यात तेव्हाच आला होता. नंतर सुचलेला नाही.

लहान होडी होती, तिच्यातून मी त्यांना सोडलं. बारा वाजून गेले होते. उतरताना त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डबा आणि गळ डोक्यावर धरला, आणि काठावर चढून माझ्याकडे न बघताच हात हलवला. त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं.

दीड वाजता पाऊस सुरू झाला. दोनपर्यंत समोरचा डोंगर दिसेनासा झाला. अडीचला खिडकीतला फोन वाजला. हा फोन फक्त दरवाज्यांच्या केबिनशी जोडलेला होता, त्यामुळे उचलायच्या आधीच कोण ते कळायचं.

अण्णा घाईत होते. त्यांनी सांगितलं, शहरातून वायरलेस आलाय, तिन्ही ओढे एकदम आलेत, पेठेत पाणी शिरायला लागलंय, सगळे दरवाजे बंद करायचा हुकूम आहे. तलाव आता झपाट्यानं चढेल, तासाला दोन-अडीच फूट. काठावरची माणसं हलवली का, बागेचं खालचं फाटक लावलं का, असं एकेक ते विचारत गेले, आणि मी हो, हो म्हणत गेले. ते सगळं मी खरोखरच केलं होतं.

मग त्यांनी विचारलं, “टेकाडावर कोणी आहे का?”

मी म्हटलं, “टेकाडावर कोणी नाही.”

“नक्की?”

“नक्की, अण्णा.”

त्यांनी फोन ठेवला. मी हे का म्हटलं, ते मला त्याच क्षणी सांगता आलं असतं आणि आजही येतं. अण्णांनी हातानं लिहिलेल्या पाटीखालून मी होडी काढली होती. अण्णा मारणारे नव्हते, पण ते बोलणं बंद करायचे. एकदा धाकट्या भावाशी ते दीड महिना बोलले नव्हते. मला वाटलं, आत्ता जाऊन सरांना घेऊन येते, दहा मिनिटांचं काम, मग माझं म्हणणं खरंच होईल.

मी होडीकडे पळाले. तोवर वारा सुटला होता. आमच्या तलावावर वारा खिंडीतून येतो, आणि आला की थेट टेकाडाच्या बाजूनं काठाकडे. पहिल्यांदा मी निम्म्यावर गेले आणि होडी आडवी होऊन मागे आली. दुसऱ्यांदा निम्म्यावरही गेले नाही. एक वल्हं हातातून निसटलं, ते धरायला वाकले तर होडीत पाणी आलं. कशीबशी काठाला लागले. पावसात टेकाड धूसर दिसत होतं. सर उभे होते की बसले होते ते कळत नव्हतं, पण एक काळा ठिपका होता. मी हाका मारल्या. वारा माझ्याच तोंडावर येत होता.

साडेतीन झाले होते. मोटरबोट केबिनखाली बांधलेली होती, तिची किल्ली अण्णांकडे. केबिन खिडकीपासून अर्ध्या किलोमीटरवर आणि फोन हाताशी. मी फोन करायला हवा होता.

मी खिडकीत येऊन बसले, ओढणी पिळली आणि वारा पडायची वाट बघत राहिले. पाच मिनिटं बघू, मग दहा मिनिटं बघू. मनाशी म्हणत होते, टेकाड उंच आहे, सर शहाणे आहेत, पोहता येतं त्यांना. चष्मा काढला की त्यांना दहा फुटांवरचं दिसत नाही, हे मला वर्गात असल्यापासून माहीत होतं. तेही आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं. दोनदा फोन उचलून ठेवला. एकदा पलीकडे अण्णांनी उचललाही, हॅलो म्हणाले, आणि मी ठेवून दिला. त्यांना वाटलं असेल, पावसानं तार बिघडली.

साडेपाचला मी केबिनकडे चालत गेले. फोनवर मला ते बोलता आलं नसतं.

अण्णा दरवाज्यांच्या मोटारींजवळ उभे होते. पातळी लिहायची वही उघडी होती. मी दारात थांबून सांगितलं, अण्णा, टोणपे सर टेकाडावर आहेत.

त्यांनी मला कधीपासून, कसे, कोणी सोडले, असं काहीही विचारलं नाही. भिंतीवरची किल्ली काढली आणि जिन्यानं उतरताना मारुतीला बोलावून आण म्हणाले. मारुतीचं घर पलीकडेच होतं. ते दोघं मोटरबोटीनं गेले. मी धरणाच्या भिंतीवरून बघत होते. बोट टेकाडाच्या जागी पोहोचली, आणि मग तिथेच फिरत राहिली, एकाच जागी गोल गोल. तेव्हा मला कळलं, की टेकाड राहिलेलं नाही.

मी साडेतीनला सांगितलं असतं तर टेकाड पाण्यावर पाच-सहा फूट होतं. हा हिशेब कुणीही करू शकतं.

अंधार पडायच्या आत ते परत आले. अण्णांच्या हातात सरांचा डबा होता, तो तरंगत होता म्हणे. मारुती पोलीस पाटलाकडे गेला. अण्णांनी मला केबिनच्या मागच्या खोलीत नेलं. ते पूर्ण भिजले होते, आणि बोलताना त्यांचे दात वाजत होते.

“तू दुपारी इथे नव्हतीस,” ते म्हणाले. “आईला बरं नव्हतं म्हणून तू बारा वाजता घरी गेलीस. सर सकाळी पट्टीवरून चालत गेले असतील. कुणी बघितलं नाही.”

मी म्हटलं, तुम्ही मला फोनवर विचारलं होतं.

“मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.”

“अण्णा...”

“तू बोलायचं नाहीस, हेमा. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.”

सर तिसऱ्या दिवशी सापडले, वरच्या अंगाला, बाभळीच्या काट्यांत. मी बघायला गेले नाही. त्यांची सायकल तिकीटखिडकीच्या भिंतीला तशीच टेकलेली होती. ती न्यायला त्यांच्या बायकोचा भाऊ आला. मी आतून कडी लावून बसले होते.

चौकशी झाली. अण्णांनी एकच वाक्य लिहून दिलं, दरवाजे बंद करण्याआधी टेकाडाची खात्री करायची होती, ती मी केली नाही. शहर वाचलं होतं, पेठेत पाणी कंबरेवर गेलं नाही. त्याबद्दल वरच्या लोकांना शाबासकी मिळाली म्हणतात. अण्णांना दरवाज्यांवरून काढलं आणि भांडाराच्या कोठीवर बसवलं. निवृत्तीपर्यंत त्यांनी तिथे दोरखंड आणि वंगणाचे डबे सांभाळले. तालुक्याच्या बाजारात लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे. एका माणसानं भर रस्त्यात त्यांना विचारलं, भिलारे, झोप येते का? अण्णा थांबले, येते म्हणाले, आणि पुढे गेले. हे मला भावानं सांगितलं.

माझं पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं. मी शिराळ्याकडे गेले, मला दोन मुलं झाली. माहेरी गेले की अण्णा नातवंडांशी खेळायचे, माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचे. माझ्याशी त्यांनी बोलणं कधीच बंद केलं नाही. ते बंद केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. पाच-सहा वेळा तरी मी विषय काढायचा प्रयत्न केला. ते उठून गोठ्यात जायचे. आषाढात एक दिवस ते सकाळच्या एसटीनं कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी परतायचे. आई म्हणायची, तालुक्याला काम असतं त्यांना.

त्या जुलैनंतर अण्णा चौदा वर्षं जगले. फाल्गुनात गेले, दोन दिवसांच्या तापानं. ते होते तोवर मला सबब होती, की त्यांनी मला बोलू नको म्हटलंय. ते गेल्यावर सबब उरली नाही. तरी मला पाच महिने लागले. श्रावण लागला तेव्हा एका सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते म्हणाले, सरांच्या घरी जाऊन ये.

टोणपेबाई, सरांच्या पत्नी, तालुक्यात पूर्वीच्याच घरात राहत होत्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कडेला ब्लाउजांचे गठ्ठे, भिंतीवर सरांचा फोटो. सरांचं वय फोटोत माझ्यापेक्षा फार जास्त दिसत नव्हतं. बाई बारीक झाल्या होत्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांचे हात मशीनवर थांबले.

“भिलाऱ्यांची मुलगी,” त्या म्हणाल्या. “यंदा ते आले नाहीत.”

मला समजलं नाही. मी विचारलं, कोण?

“तुझे वडील. दरवर्षी यायचे, त्याच तारखेला. तुला ठाऊक नाही?”

मी मानेनंच नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षी अण्णा आले तेव्हा बाईंनी तोंडावर दार लावून घेतलं. अण्णा ओट्यावर बसले, दुपारच्या एसटीच्या वेळेला उठून गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. दर वर्षी एकच बोलायचे, बाई, माझं चुकलं. तेवढं बोलून ओट्यावर बसायचे. एका वर्षी बाईंच्या भावानं त्यांना धक्के मारून पायऱ्यांवरून खाली ढकललं. त्यांचा कोपर फुटला. तरी पुढच्या वर्षी ते आलेच.

तो कोपर मला आठवला. आम्हाला त्यांनी गाईनं ढुशी दिली असं सांगितलं होतं.

“चौदा वर्षं,” बाई म्हणाल्या. “पावसात भिजत बसायचे. मी कधी आत या म्हटलं नाही, कधी घोटभर पाणी विचारलं नाही. मीच आत बसून शिव्या द्यायची, त्यांना ऐकू जातील अशा. यंदा आले नाहीत तर मला वाटलं, विसरला मेला. त्याचाही रागच आला.”

“अण्णा फाल्गुनात गेले,” मी म्हटलं.

त्यांनी हातातला ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला.

मग मी सांगितलं. पाटी, होडी, जॅकेट, फोन. टेकाडावर कोणी नाही, हे शब्द जसेच्या तसे. दोनदा उचलून ठेवलेला फोन, आणि साडेतीन ते साडेपाच. केबिनच्या मागच्या खोलीत अण्णा काय म्हणाले तेही. मी रडले नाही. रडायचा मला हक्क नाही असं मी ठरवूनच आले होते. बाई ओरडतील, अंगावर येतील, भावाला बोलावतील, या सगळ्याची मी तयारी केली होती. बसमध्ये तर मला ते हवंसं वाटत होतं.

बाई फोटोकडेही बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. त्या उघड्या दारातून ओट्याकडे बघत होत्या.

“ते तुला पाठीशी घालत होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि तू घालू दिलंस.”

“हो.”

“माझा माणूस तुझ्यामुळे गेला, ते मी एक वेळ समजू शकते. वीस वर्षांची पोर होतीस, घाबरलीस. पण हे तू ते जिवंत असताना का नाही सांगितलंस?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “चौदा वर्षं मी एका चांगल्या माणसाला दारात बसवून शिव्या दिल्या. तू आज सांगून मोकळी झालीस. मी आता कुणाच्या दारात जाऊन बसू?”

मी उठले, त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

मी चपला घालून खाली उतरले. फाटकापर्यंत गेले तरी मागे शांतताच होती. मग मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. एसटी स्टँडच्या वळणापर्यंत ते मला ऐकू येत होतं.